ॲस्परॅजिन : नावाचा अर्थ आणि उगम

ॲस्परॅजिन हे प्रथिनांच्या घडणीत येणाऱ्या वीस प्रमाण ॲमिनो अम्लांपैकी एक आहे. या विसांत सर्वांत आधी शुद्ध स्वरूपात हाती लागले ते हेच. पॅरिसमध्ये १८०६ साली ॲस्परॅगस या भाजीच्या रसातून त्याचे स्फटिक मिळाले आणि भाजीचेच नाव त्याला चिकटले. रेणूत कार्बनचे ४, हायड्रोजनचे ८, नायट्रोजनचे २ आणि ऑक्सिजनचे ३ अणू असतात. रेणुभार सुमारे १३२. ॲस्पार्टिक अम्लाच्या पार्श्वशृंखलेतील अम्लगटाच्या जागी अमाइड गट आला की ॲस्परॅजिन होते. आज रसायनशास्त्र ॲस्परॅजिनला ॲस्पार्टिक अम्लाच्या आधारे समजावते, पण नावांचा क्रम उलटा आहे. आधी ॲस्परॅजिन मिळाले आणि त्याच्यावरून अम्लाचे नाव पडले.

व्युत्पत्ती : मूळ ग्रीक शब्द ‘आस्पारागोस’. ॲटिक बोलीत त्याचा उच्चार ‘आस्फारागोस’ असा होता आणि अर्थ कोवळा कोंभ, खाण्याजोगा धुमारा. लॅटिनमध्ये तो ‘ॲस्परॅगस’ झाला. अवेस्ताच्या भाषेत कोंभ किंवा अंकुर या अर्थाचा याच्याशी जुळणारा शब्द आढळतो. काही भाषाशास्त्रज्ञांनी या कुळात संस्कृतमधील ‘स्फूर्ज्’ हा धातूही बसवला आहे. इतर काही जण ग्रीक शब्द ग्रीकपूर्व स्थानिक भाषेतून आल्याचे मानतात. इंग्लंडमधील सामान्य लोकांनी या परक्या शब्दाला आपल्या जिभेवर वळवून ‘स्पॅरो ग्रास’, म्हणजे चिमणीचे गवत, असे रूप दिले आणि ते बरीच वर्षे बाजारात चालले. शास्त्रीय नावात मात्र लॅटिन रूप टिकले. लिनीअसने १७५३ मध्ये या भाजीची नोंद ‘ॲस्परॅगस ऑफिसिनॅलिस’ अशी केली; त्यातील दुसरे पद औषधी दुकानात ठेवली जाणारी वनस्पती असे सांगते. या शब्दाला रसायनशास्त्रातील ‘-इन’ हा प्रत्यय लागला आणि ‘ॲस्परॅजिन’ तयार झाले.

याच प्रजातीतील भारतीय वनस्पती म्हणजे शतावरी, ‘ॲस्परॅगस रॅसिमोसस’. सह्याद्रीच्या रानात ती काटेरी वेलीसारखी चढते आणि पावसाळ्याच्या तोंडाला तिचे कोवळे कोंभ रानभाजी म्हणून खाल्ले जातात. संस्कृत आणि मराठी नावांची नजर मात्र कोंभावर नाही, मुळांवर आहे. खोडाच्या बुडाशी जाड मुळांचा झुबका असतो, म्हणून ती शतमुळी. शतावरीच्या औषधी गुणांची चर्चा होते तेव्हा तिच्यातील शतावरिन नावाच्या सॅपोनिनांचा उल्लेख येतो. ती संयुगे ॲस्परॅजिनपेक्षा अगदी वेगळ्या जातीची आहेत. नावाच्या साम्यावरून आणखी एक गोंधळ होतो. ॲस्परॅगस खाल्ल्यावर लघवीला येणारा उग्र वास ॲस्परॅजिनमुळे येत नाही. भाजीतील गंधकयुक्त ॲस्परॅगसिक अम्लाचे शरीरात विघटन होते आणि त्यातून ती वासाची द्रव्ये निघतात.

शोध : लुई निकोला व्होकलँ हे त्या काळातील फ्रान्सचे अग्रगण्य विश्लेषक. क्रोमियम आणि बेरिलियम या मूलद्रव्यांच्या शोधाशी त्यांचे नाव जोडलेले आहे. त्यांच्या हाताखाली प्येर-झाँ रोबिके हा तरुण औषधशास्त्रज्ञ काम करत होता. ॲस्परॅगसचा आटवलेला रस काही काळ तसाच राहिला, तेव्हा त्यात पारदर्शक, कठीण, ठिसूळ स्फटिक तयार झालेले दिसले. ते साखर नव्हते, क्षार नव्हते आणि ओळखीच्या वनस्पतिज अम्लांपैकीही नव्हते. दोघांनी १८०६ मध्ये ही नोंद ‘वनस्पतीतील नवे द्रव्य’ म्हणून प्रसिद्ध केली. त्या वेळी ‘ॲमिनो अम्ल’ ही संकल्पनाच नव्हती. ‘प्रोटीन’ हा शब्दसुद्धा १८३८ मध्ये आला. म्हणजे जे मिळाले ते कशाचा घटक आहे हे समजण्याची सोयच नव्हती. जिथे मिळाले त्या झाडाचे नाव देणे हाच तेव्हाचा रास्त मार्ग होता. रोबिके पुढे मंजिष्ठाच्या कुळातील मॅडर वनस्पतीच्या मुळातील ॲलिझरीन हे रंगद्रव्य आणि अफूतील कोडीन यांच्या शोधासाठी ख्यातनाम झाले.

एका द्रव्याची तीन नावे : झाडावरून नाव देण्याच्या पद्धतीची अडचण लवकरच पुढे आली. रोबिके यांनाच १८०९ मध्ये ज्येष्ठमधाच्या मुळात एक स्फटिकी द्रव्य मिळाले, त्याला ‘अजेदॉइत’ असे नाव पडले. युनानी वैद्यकात खतमी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आल्थिया वनस्पतीच्या मुळातून १८२६ मध्ये ‘आल्थेइन’ वेगळे करण्यात आले. प्लिसाँ या फ्रेंच औषधशास्त्रज्ञाने तपासून पाहिले, तेव्हा तिन्ही द्रव्ये एकच ठरली. सर्वांत जुने नाव राहिले आणि बाकीची दोन जुन्या ग्रंथांत उरली. ॲस्परॅगस ही या द्रव्याची मालक नव्हती, फक्त पहिली साक्षीदार होती, हे यातून स्पष्ट झाले. बटाटा, द्विदल धान्यांचे मोड आणि कितीतरी मुळे व कोंभ यांत ते भरपूर असते.

प्लिसाँनेच १८२७ मध्ये ॲस्परॅजिन शिशाच्या हायड्रॉक्साइडबरोबर उकळले. अमोनिया निघून गेला आणि एक नवे अम्ल उरले. मूळ नावाची काटछाट करून त्याला ‘ॲस्पार्टिक’ म्हटले गेले. या काटछाटीतून मोठा शब्दपरिवार उभा राहिला. अमेरिकेतील सर्ल कंपनीच्या प्रयोगशाळेत जेम्स श्लॅटर यांना १९६५ मध्ये सापडलेले गोडी देणारे द्रव्य ॲस्पार्टिक अम्ल आणि फेनिलॲलनिन यांच्या जोडणीतून होते, म्हणून ते ‘ॲस्पार्टेम’. रक्ततपासणीच्या अहवालावर यकृतासाठी ‘एसजीओटी’ किंवा ‘एएसटी’ असा आकडा येतो, त्यातील ‘एएस’ ही ॲस्पार्टेटचीच अक्षरे. दवाखान्यातल्या त्या कागदावर अजूनही ॲस्परॅगसचा अंश आहे.

इतर ॲमिनो अम्लांची नावे : नाव ठेवण्याच्या रीती साधारण दोन. काही नावे उगमावरून आली. ग्रीकमध्ये ‘तिरोस’ म्हणजे चीज. लीबिखने १८४६ मध्ये चीजमधील केसीनपासून मिळवलेले ते टायरोसिन. रेशमातून १८६५ मध्ये मिळालेले सेरीन. विल्यम वुलस्टनने १८१० मध्ये मूत्राशयातील खड्यात ओळखलेले सिस्टीन, कारण ‘किस्तिस’ म्हणजे मूत्राशय. दुसरी रीत दिसण्यावरून किंवा चवीवरून नाव देण्याची. ब्राकोनो यांनी १८२० मध्ये वेगळी केलेली दोन द्रव्ये त्याची उदाहरणे आहेत : पांढऱ्या स्फटिकांचे ल्यूसीन आणि गोड चवीचे ग्लायसिन. वीस प्रमाण ॲमिनो अम्लांत सर्वांत शेवटी, १९३५ मध्ये, विल्यम रोझ यांच्या प्रयोगशाळेत थ्रिओनिन सापडले. त्याचे नाव थ्रिओज या शर्करेच्या रचनेशी असलेल्या साम्यावरून ठरले. ॲस्परॅजिन ते थ्रिओनिन या १२९ वर्षांत नाव देण्याची कसोटी झाडापासून रेणूच्या घडणीपर्यंत सरकली.

चव आणि आरसप्रतिमा : निसर्गात सामान्यतः मिळणारे ॲस्परॅजिन बेचव असते. त्याच्या द्रावणातून ध्रुवित प्रकाश गेला की त्याची पातळी डावीकडे वळते. व्हिक्तॉर देसेन्य यांनी १८५० च्या सुमारास फ्युमरिक अम्लापासून प्रयोगशाळेत ॲस्पार्टिक अम्ल तयार केले, तेव्हा लुई पाश्चर ते पाहण्यासाठी मुद्दाम व्हेंदोम गावी गेले. ॲस्परॅजिनपासून मिळालेले अम्ल प्रकाश वळवत होते, देसेन्य यांचे वळवत नव्हते. सजीवात घडलेला आणि काचेच्या भांड्यात घडलेला पदार्थ यांतील हा फरक पाश्चर यांच्या पुढील विचारांत महत्त्वाचा ठरला.

इटालियन रसायनशास्त्रज्ञ आर्नाल्दो प्युत्ती यांनी १८८६ मध्ये त्यात आश्चर्याची भर घातली. व्हेच या चाऱ्याच्या द्विदल वनस्पतीच्या कोंभांच्या मोठ्या राशीतून ॲस्परॅजिन काढताना त्यांना थोडे वेगळे स्फटिक मिळाले. त्यांची घटना तीच होती, पण प्रकाश उजवीकडे वळत होता आणि चव स्पष्ट गोड होती. डावा-उजवा हात असावा तसे हे दोन रेणू. एकाच द्रव्याच्या दोन आरसप्रतिमांची चव निराळी असते, हे इथे पहिल्यांदा दिसले. चव ओळखणारी मज्जारचनाच असममित असली पाहिजे, असा अर्थ पाश्चर यांनी त्यावरून लावला. चवीच्या ग्राही रेणूंबद्दल आज जे माहीत आहे त्याच्याशी तो जुळतो.

वनस्पतीतील काम : अंधारात वाढवलेल्या कोंभांत ॲस्परॅजिन का साठते, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात पिसाच्या राफाएले पिरिया यांच्यापासून झुरिकच्या एर्न्स्ट शुल्झे यांच्यापर्यंत अनेकांनी हाताळला. द्विदल बीजातील साठ्याची प्रथिने अंकुरताना तुटतात. प्रकाश नसेल तर नवी साखर तयार होत नाही आणि सुटलेला नायट्रोजन वापरला जात नाही. मोकळा अमोनिया पेशीला घातक, म्हणून वनस्पती तो ॲस्परॅजिनमध्ये बांधून ठेवते. चार कार्बनांमागे दोन नायट्रोजन वाहणारा हा रेणू साठवणीला आणि मुळांकडून पानांकडे नेण्याला फार काटकसरीचा. रशियन कृषिरसायनशास्त्रज्ञ द्मित्री प्र्यानिश्निकोव्ह यांनी वनस्पतीतील ॲस्परॅजिनचे काम प्राण्यातील युरियाच्या कामाशी ताडून पाहिले. मोठा फरक इतकाच की प्राणी युरिया टाकून देतात आणि वनस्पती ॲस्परॅजिन परत वापरतात.

प्रथिनांतील स्थान : पहिले सापडलेले हे ॲमिनो अम्ल प्रथिनांचा घटक आहे, हे थेट सिद्ध व्हायला मात्र १२६ वर्षे लागली. कारण तपासणीच्या पद्धतीतच होते. प्रथिने तीव्र अम्लात उकळून तोडत, तेव्हा ॲस्परॅजिनचा अमाइड गट निखळून अमोनिया होई आणि हाती फक्त ॲस्पार्टिक अम्ल येई. ह्लासिवेत्स आणि हाबरमान यांनी १८७३ मध्ये या अमोनियावरून अंदाज बांधला होता, पण पुरावा नव्हता. तो एम. दामोदरन या भारतीय संशोधकाने १९३२ मध्ये दिला. लंडनमध्ये चिबनॉल यांच्या प्रयोगशाळेत काम करताना त्यांनी भांगेच्या बियांतील एडेस्टिन हे प्रथिन अम्लाऐवजी पाचक एंझाइमांनी सावकाश तोडले आणि त्यातून ॲस्परॅजिन अखंड बाहेर काढले. पुढे मद्रास विद्यापीठाच्या जीवरसायन प्रयोगशाळेतून त्यांचे संशोधन चालू राहिले. ॲमिनो अम्लांच्या इतिहासात युरोपीय नावांच्या लांब यादीत हे नाव आवर्जून घ्यायला हवे.

जनुकीय लिपीत ॲस्परॅजिनसाठी एएयू आणि एएसी असे दोन संकेत आहेत. तीन अक्षरी संक्षेप ‘एएसएन’, एकाक्षरी खूण ‘एन’. ‘ए’ हे अक्षर ॲलनिनला गेले होते. ‘एन’ नावातही आहे आणि पार्श्वशृंखलेतील नायट्रोजनचीही आठवण देते. पेशीबाहेर जाणाऱ्या अनेक प्रथिनांवर साखरेच्या साखळ्या जोडल्या जातात, त्या बहुधा ॲस्परॅजिनच्याच नायट्रोजनवर बसतात. त्यासाठी शेजारचा क्रम ठरलेला असतो : ॲस्परॅजिन, मग प्रोलिन सोडून कोणतेही ॲमिनो अम्ल, मग सेरीन किंवा थ्रिओनिन.

आरोग्य : मानवी शरीर ॲस्परॅजिन स्वतः तयार करते, म्हणून आहारशास्त्रात ते ‘अनावश्यक’ गटात मोडते. हा शब्द फक्त आहाराबद्दल बोलतो. ते बनवणाऱ्या एंझाइमच्या जनुकात दोष असलेल्या बालकांत मेंदूची वाढ गंभीरपणे खुंटते, हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून समोर आले.

काही रक्तपेशींच्या कर्करोगांत उलट स्थिती असते. तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाच्या पेशींना ॲस्परॅजिन पुरेसे बनवता येत नाही, त्या रक्तातून ते घेतात. न्यूयॉर्कमध्ये जॉन किड यांना १९५३ मध्ये दिसले, की गिनीपिगच्या रक्तद्रवाने उंदरांतील लिम्फोमा ओसरतात. जे. डी. ब्रूम यांनी १९६१ मध्ये त्यामागचे कारण ओळखले : ॲस्परॅजिन तोडणारे ॲस्परॅजिनेज हे एंझाइम. जिवाणूंपासून मिळवलेले हे एंझाइम आज बालकांच्या ल्युकेमियावरील उपचाराचा आधार आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयासह भारतातील केंद्रांत वापरल्या गेलेल्या ‘एमसीपी-८४१’ या उपचारक्रमातही त्याचा समावेश होता.

स्वयंपाकघर : स्वीडनमधील संशोधकांनी आणि अन्नप्रशासनाने एप्रिल २००२ मध्ये जाहीर केले, की तळलेल्या आणि भाजलेल्या पिष्टमय पदार्थांत ॲक्रिलामाइड हे आरोग्याला धोक्याचे मानले जाणारे रसायन तयार होते. त्याच वर्षी त्याचा उगम उलगडला. मोकळे ॲस्परॅजिन आणि ग्लुकोजसारखी साखर सुमारे १२० अंश सेल्सियसच्या वर तापली, की पदार्थाला खमंग तांबूस रंग देणारी अभिक्रिया होते आणि तिच्याच ओघात ॲक्रिलामाइड निघते. बटाट्यात मोकळे ॲस्परॅजिन मुबलक असल्याने वेफर्समध्ये त्याचे प्रमाण अधिक आढळते. उकडलेल्या बटाट्यात तापमान तिथवर पोचत नाही. कच्चे बटाटे फ्रिजमध्ये ठेवले तर त्यांतील साखर वाढते, म्हणून तळायचे बटाटे तिथे ठेवू नयेत, असा सल्ला दिला जातो. चकत्या तळण्यापूर्वी पाण्यात भिजवल्या आणि फिकट सोनेरी रंगावर काढल्या तरी प्रमाण घटते. बिस्किटे आणि वेफर्सच्या कारखान्यांत पीठ किंवा चकत्यांवर ॲस्परॅजिनेजची प्रक्रिया करण्याची पद्धतही रूढ झाली आहे. त्यासाठी हे एंझाइम ॲस्परजिलस बुरशीपासून मिळवले जाते.