आधार, मानसिक : तिबेटी निर्वासित (सारनाथ)

देशत्याग, छळ व ताटातूट यांच्या आघातातून सावरताना वाराणसीजवळील सारनाथ येथील तिबेटी निर्वासितांना लाभलेला आधार. या नोंदीत मुख्यतः केंद्रीय उच्च तिबेटी शिक्षण संस्थान व तेथे शिकवली जाणारी सोवा रिग्पा ही वैद्यकपद्धती यांचा विचार केला आहे. मानसशास्त्रज्ञांच्या प्रसिद्ध पाहण्या निर्वासित तिबेटी प्रशासनाचे केंद्र असलेल्या धरमशाला येथील असून त्यांचा परामर्श पुढे घेतला आहे.

पार्श्वभूमी : मार्च १९५९ मध्ये चिनी सत्तेविरुद्धचा ल्हासातील उठाव चिरडला गेला. चौदावे दलाई लामा १७ मार्चच्या रात्री नोर्बुलिंका प्रासादातून निघाले आणि ३१ मार्चला भारताच्या हद्दीत पोहोचले. त्यांच्या मागोमाग सुमारे ८०,००० तिबेटी भारत, नेपाळ व भूतान येथे आले, असे सामान्यतः सांगितले जाते. आसामातील मिसामारी ही सुरुवातीच्या छावण्यांपैकी एक. कोरड्या, थंड पठारावरची माणसे तेथील दमट उष्म्यात आजारी पडली. पुढे हजारोंना हिमालयातील रस्तेबांधणीच्या कामावर नेण्यात आले. या मजुरांच्या मुलांपैकी ५१ जणांची पहिली तुकडी १७ मे १९६० रोजी धरमशाला येथे आणली गेली. तेथील तिबेटी बालग्रामाची सुरुवात ती हीच.

भिक्षूंची व्यवस्था उत्तर बंगालमधील बक्सा येथे झाली. ब्रिटिश अमदानीत राजबंद्यांना ठेवण्यासाठी वापरलेल्या या जागेत सुमारे १,५०० भिक्षू राहिले आणि क्षयाने त्यांतले बरेच दगावले. तरीही पाठांतर व वादसभा (प्रश्नोत्तरांनी चालणारे शास्त्रार्थ) यांत खंड पडला नाही. निर्वासितांच्या मानसिक आधाराचा इतिहास लिहिताना बक्साला साधारणतः एखाद्या वाक्यात गुंडाळले जाते. तसे करू नये. दिवसाचा क्रम मोडू न देणे हा आधाराचा पहिला प्रकार तेथेच सिद्ध झाला.

संस्थान : जवाहरलाल नेहरू व दलाई लामा यांच्यातील विचारविनिमयातून १९६७ मध्ये स्थापन. प्रारंभी ते वाराणसेय (आता संपूर्णानंद) संस्कृत विश्वविद्यालयाचा एक विभाग होते. १९७७ मध्ये ते स्वायत्त झाले व १९८८ मध्ये त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. १९७१ ते २००१ अशी तीस वर्षे समधोंग रिनपोछे त्याचे प्रमुख होते. संस्थानापुढे दोन उद्दिष्टे होती : निर्वासित तिबेटी तरुणांना त्यांच्या विद्येपासून तुटू न देणे, आणि पूर्वी शिक्षणासाठी तिबेटात जाणाऱ्या लडाख, किन्नौर आदी हिमालयीन प्रदेशांतील विद्यार्थ्यांची सोय करणे. पूर्वमध्यमेपासून आचार्यपर्यंत नऊ वर्षांचा अभ्यासक्रम, तिबेटी व संस्कृत या दोन्ही भाषांचे अध्ययन आणि वसतिगृहातील वास्तव्य ही त्याची वैशिष्ट्ये.

संस्थानाच्या कोणत्याही उद्दिष्टपत्रात ‘आघात’ हा शब्द येण्याचे कारण नव्हते. तो मुळात त्या काळचा शब्दच नव्हे. आघातोत्तर तणाव विकृतीला अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानसंहितेत स्थान मिळाले ते १९८० मध्ये. परंतु आपत्तीतील मानसिक आधाराविषयी २००७ मध्ये प्रसिद्ध झालेली आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे ज्या चार पायऱ्या सांगतात (तळाशी सुरक्षितता व मूलभूत सेवा, त्यावर कुटुंब व समाज यांचा आधार, मग प्रशिक्षित कार्यकर्त्यांची मदत आणि सर्वांत वर तज्ज्ञोपचार) त्यांतील खालच्या दोन पायऱ्या सारनाथला चाळीस वर्षे आधीच बांधल्या गेल्या होत्या.

संस्थानाच्या कार्याचा एक भाग येथे विशेष महत्त्वाचा वाटतो. मूळ संस्कृत संहिता भारतात नष्ट झालेले, पण तिबेटी अनुवादात टिकलेले ग्रंथ पुन्हा संस्कृतात आणण्याचा उद्योग येथे चालतो. दुर्मिळ बौद्ध ग्रंथांवरील संशोधन ‘धीः’ या नियतकालिकातून प्रसिद्ध होते. जे. एस. नेगी यांचा सोळा खंडांचा तिबेटी-संस्कृत कोश येथलाच. छावणीत शिधा घेणारा माणूस ऋणको असतो. येथे यजमानाने हरवलेली ठेव त्याच्याजवळ निघाली आणि तो धनको झाला. हा बदल कोणत्याही प्रश्नावलीत मोजलेला नाही. तरी प्रस्तुत लेखकाला तो संस्थानाने दिलेला सर्वांत मोठा आधार वाटतो.

सोवा रिग्पा व ‘सोग-लुंग’ : सोवा रिग्पा म्हणजे रोगनिवारणाची विद्या. संस्थानात तिचा विभाग १९९३ पासून आहे. २०१० मध्ये कायद्यातील दुरुस्तीने भारत सरकारने या पद्धतीला मान्यता दिली. तिचा आधारग्रंथ ‘ग्युशी’ (चार तंत्रे, १५६ अध्याय). परंपरा तो भैषज्यगुरू बुद्धाचा उपदेश मानते. अभ्यासक त्याची सिद्धता बाराव्या शतकातील युथोक योंतेन गोन्पो यांच्याकडे नेतात.

लुंग, त्रीपा व बेकेन हे तीन दोष आयुर्वेदातील वात, पित्त व कफ यांच्याशी जुळतात. लुंगच्या पाच भेदांपैकी ‘सोग-जिन लुंग’ म्हणजे प्राण धारण करणारा वायू. तो बिघडला की झोप उडते, छातीत धडधडते, उसासे येतात, माणूस दचकतो आणि मन एका जागी ठरत नाही. या अवस्थेला बोलीत नुसते ‘सोग-लुंग’ म्हणतात. तिबेटी निर्वासित आपल्या त्रासाचे वर्णन बहुधा याच शब्दाने करतात. आघातोत्तर तणाव विकृती आणि सोग-लुंग यांची लक्षणे पुष्कळ ठिकाणी एकमेकींवर पडतात. मात्र दोन्ही एकच, असे म्हणता येत नाही. सोग-लुंग परीक्षेच्या चिंतेने किंवा अतिरेकी ध्यानानेही होतो. त्यामुळे तुरुंगातून सुटून आलेली भिक्षुणी आणि आचार्यच्या परीक्षेला बसलेला विद्यार्थी यांना एकच शब्द पुरतो, आणि तो उच्चारताना कोणालाही लाज वाटत नाही.

ग्युशीत लुंग बिघडण्याची कारणे सांगितली आहेत ती अशी : रूक्ष व हलके अन्न, उपाशीपोटी श्रम, जागरण, थंड वारा, शोक, रडणे, फार चिंता आणि फार बोलणे. शेवटचे कारण लक्षात ठेवावे. पाश्चात्त्य समुपदेशनात आघाताची कहाणी पुन्हा पुन्हा सांगवून घेणे हा उपचार ठरतो. या ग्रंथाच्या दृष्टीने तेच कुपथ्य ठरू शकते. उपचार स्निग्ध व उष्ण : हाडांचा रस्सा, तूप, जुना गूळ, लसूण, अंगाला तेलाचे मर्दन, ‘होर्मे’, म्हणजे गरम तेलात बुडवलेल्या औषधी पुरचुंडीचा विशिष्ट स्थानी शेक, अगरूप्रधान गोळ्या, त्यांत ‘आगर ३५’ प्रसिद्ध. रुग्णाने उबदार, मंद उजेडाच्या जागी प्रिय माणसांत राहावे व कानावर गोड बोलणे पडावे, असेही सांगितले आहे. निर्वासिताजवळ नेमकी हीच शेवटची गोष्ट नसते. वसतिगृह ती उणीव किती भरून काढते, हे ज्याच्या त्याच्या नशिबावर.

वाग्भटाशी संबंध : मराठी वाचकाला हा सारा मजकूर ओळखीचा वाटेल, आणि ते योग्यच आहे. वाग्भटाचे ‘अष्टांगहृदय’ अकराव्या शतकात रिन्छेन झांगपो (९५८–१०५५) यांनी जनार्दन या भारतीय पंडिताच्या साह्याने तिबेटीत नेले; त्यावरील चंद्रनंदनाची टीकाही तिबेटीत गेली. प्राणवायूचे स्थान हृदयात मानण्याचा प्रघात योगग्रंथांत आढळतो. वाग्भट ते मस्तकात मानतो आणि ग्युशीही तेच सांगते. ग्युशीच्या तिसऱ्या तंत्रातील ७७ ते ७९ हे अध्याय अनुक्रमे भूतबाधा, उन्माद व अपस्मार यांवर आहेत. ‘अष्टांगहृदया’च्या उत्तरस्थानातही भूत, उन्माद, अपस्मार हाच क्रम आहे. वाग्भट उन्मादाचे सहा प्रकार मानतो. त्यांतील एक ‘आधिज’, म्हणजे द्रव्य किंवा प्रियजन गमावल्याच्या मनोव्यथेतून आलेला. मराठीत ‘आधिव्याधी’ या जोडशब्दात आधी अजून टिकून आहे, पण एकटी कोणी वापरत नाही. व्याधी मात्र सर्रास वापरतात. निर्वासिताच्या दुःखाला आयुर्वेदात वेगळे नाव शोधायचे झाल्यास ‘आधी’ हेच सर्वांत जवळचे ठरेल. गणेश कृष्ण गर्दे यांच्या ‘सार्थ वाग्भट’मुळे हा भाग मराठीत सुलभ झाला आहे.

धार्मिक साधना : आपले सुख इतरांस देऊन त्यांचे दुःख स्वतःकडे घेण्याची भावना (तोंगलेन), मनाचे संस्करण (लोजोंग), शांतिदेवाच्या ‘बोधिचर्यावतारा’तील क्षांतीचा अध्याय, प्रदक्षिणा व साष्टांग नमस्कार. सारनाथच्या धमेख स्तूपाभोवती तिबेटी वृद्ध माळ ओढत फिरताना दिसतात. डिसेंबर १९९० मध्ये सारनाथला कालचक्र दीक्षेचा मोठा समारोह झाला. अठरा वर्षे चिनी तुरुंगात काढलेल्या एका भिक्षूने आपल्याला सर्वांत मोठे भय वाटले ते चिन्यांविषयीची करुणा गमावण्याचे, असे सांगितल्याची हकीकत दलाई लामा अनेकदा सांगतात. ही साक्ष आहे, मोजमाप नव्हे. सर्व निर्वासित असेच असतात, असा अर्थ तिच्यातून काढणे हा त्यांच्यावर अन्याय होईल.

पाहण्या : टिमथी होल्ट्झ यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात छळ सोसलेल्या ३५ तिबेटींची छळ न झालेल्या ३५ जणांशी तुलना केली. चिंतेची लक्षणे पहिल्या गटात ५४.३ टक्के, तर दुसऱ्यात २८.६ टक्के जणांत आढळली. तेरहेगन व सहकाऱ्यांच्या २००१ च्या अभ्यासात धार्मिक चिन्हांचा विध्वंस पाहावा लागणे हा अतिशय क्लेशदायक अनुभवांपैकी एक म्हणून नोंदवला गेला. पाश्चात्त्य प्रश्नावल्यांत तो अनुभव मुळात नसतो. धरमशाला येथे नव्याने आलेल्या ७६९ निर्वासितांच्या २००८ मधील पाहणीत सोसलेल्या आघातांच्या मानाने मानसिक त्रासाचे प्रमाण कमी दिसले, आणि धार्मिक साधनेचा त्यात वाटा असावा असे मत मांडले गेले. सारा लुइस यांनी ‘स्पेशस माइंड्स’ (२०१९) या ग्रंथात, दुःख उगाळत न बसता मन विशाल करणे हा तिबेटींचा सावरण्याचा मार्ग असल्याचे प्रतिपादन केले आहे. त्रास खरोखर कमी असतो की तो सांगण्याची रीत वेगळी असते, याबद्दल मतभेद आहेत. छळ सोसलेल्यांसाठी निर्वासित तिबेटी प्रशासनाच्या आरोग्य विभागाचा स्वतंत्र कार्यक्रम असून त्याचेही केंद्र धरमशाला आहे.

आत्मदहन : तिबेटात २००९ पासून चिनी राजवटीच्या निषेधार्थ दीडशेहून अधिक आत्मदहने झाली. १४ जुलै २०१७ रोजी सारनाथच्या संस्थानातील एका तरुण विद्यार्थ्याने असे कृत्य केले व आठवडाभराने दिल्लीत त्याचा मृत्यू झाला. तिबेटी समाज याकडे बलिदान म्हणून पाहतो. त्याला मनोविकाराच्या चौकटीत बसवावे की नाही, हा वाद येथे घेतलेला नाही.

कायदेशीर स्थिती : आधाराच्या तळाच्या पायरीवरील सुरक्षितता कायद्यातील दर्जावरही अवलंबून असते. भारत १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारात सहभागी नाही. तिबेटी लोक नोंदणी प्रमाणपत्रावर राहतात व कायद्याच्या भाषेत परकीय ठरतात. भारतात जन्मलेल्या पुष्कळांच्या हातीही हेच प्रमाणपत्र असते.

रुग्णालये : सर्वांत वरच्या पायरीच्या, म्हणजे तज्ज्ञोपचाराच्या, सोयी वाराणसीत आहेत. काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या चिकित्सा विज्ञान संस्थेत मानसोपचार विभाग आहे. पांडेपूर येथे शासकीय मानसिक रुग्णालय आहे.

महाराष्ट्र : मराठी वाचकाला जवळची तिबेटी वसाहत पाहायची असल्यास राज्यात ती एकच आहे : अर्जुनी मोरगाव तालुक्यातील गोठणगावजवळची नोर्ग्येलिंग. १९७२ मध्ये ती वसली तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. १९९९ पासून तो गोंदिया जिल्ह्यात येतो.