थेंबाचे माप

एस. टी.च्या गाडीत पुढच्या बाकावर बसणाऱ्यास जो खडखडाट ऐकू येतो, तो ठिणगीवाचून पेट घेणाऱ्या तेलाचा आवाज होय. आणि ज्याचे नाव त्या इंजिनाने, किंबहुना त्या तेलानेही, धारण केले, त्या रुडोल्फ डिझेलला मात्र आपले इंजिन रस्त्यावर रुळलेले पाहण्याचे भाग्य लाभले नाही.

हवा जोराने दाबली असता इतकी तप्त होते की तिच्यात सोडलेले तेल आपोआप जळते, या तत्त्वावर डिझेलने 1892 साली पेटंटासाठी अर्ज केला, आणि 1897 मध्ये आउग्सबुर्ग येथे प्राध्यापक श्र्योटर यांनी घेतलेल्या परीक्षेत त्याच्या इंजिनाने तेलातील उष्णतेपैकी सुमारे 26 टक्के उष्णतेचे काम करून दाखविले. परंतु दाबलेल्या हवेने भरलेल्या सिलिंडरात तेल शिरावयाचे, तर त्याहून अधिक दाबाच्या हवेची फुंकर त्यामागे हवी, आणि ती पुरविणारा कॉम्प्रेसर सदैव सोबत हवा. कारखान्यात व जहाजात हा बोजा खपून गेला. मोटारीच्या सांगाड्याला तो पेलण्याजोगा नव्हता. 1913 च्या सप्टेंबरात इंग्लिश खाडी ओलांडणाऱ्या बोटीवरून डिझेल नाहीसा झाला, तेव्हाही ही अडचण कायम होती.

मानहाइमच्या बेंझ कारखान्यातील प्रॉस्पर लोरांज याने 1909 मध्येच तिच्यावर तोड सुचविली होती. सिलिंडराच्या माथ्यावर एक लहानशी कोठडी. तेल प्रथम तीत पडावे, थोडे जळावे, आणि त्या ज्वलनाच्याच जोराने उरलेले तेल खाली फेकले जावे! युद्धामुळे रेंगाळलेली ही कल्पना 1923 साली बेंझच्या पाच टनी मालमोटारीत अवतरली, आणि पुढच्याच वर्षी एम. ए. एन. कंपनीने अशा कोठडीवाचून, थेट सिलिंडरात तेल फवारणारी मालमोटार आउग्सबुर्गहून न्यूरेंबर्गपर्यंत, म्हणजे सुमारे 140 किलोमीटर, साडेपाच तासांत नेली.

तथापि फुंकर गेली म्हणजे तिचे सारे काम पंपावर आले. मिनिटाला हजार फेरे घेणाऱ्या इंजिनात प्रत्येक सिलिंडराला मिनिटात पाचशे वेळा, दर वेळी एखाद-दुसऱ्या थेंबाइतकेच तेल, नेमक्या क्षणी आणि सर्व सिलिंडरांना सारखेच मिळाले पाहिजे. एकाला कमी आणि दुसऱ्याला जास्त झाले की गाडी धूर ओकू लागते. श्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉशने 1922 मध्ये हे काम हाती घेऊन 1927 पासून असे पंप मोठ्या संख्येने तयार करावयास आरंभ केला. त्यातील दट्ट्याच्या अंगावर तिरकी खाच असते; दट्ट्या किंचित वळविला की तेलाचे माप बदलते. दट्ट्या व त्याची नळी परस्परांना इतकी बेमालूम घासून बसविलेली असतात की एका जोडीचा दट्ट्या दुसरीस चालत नाही. माझ्या मते बसला डिझेल दिले ते या घासकामाने, आणि त्या श्रेयात डिझेलच्या बरोबरीने लोरांज व बॉश यांचाही वाटा आहे.

पुढचा प्रवास वेगाने झाला. 1930 च्या सुमारास इंग्लंडातील गार्डनर व ए. ई. सी. यांची तेलइंजिने बसगाड्यांत आली, आणि 1954 साली डायम्लर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूरला टाटांच्या मालमोटारी बनू लागल्या.

आजही टाकीतले डिझेल संपून नळ्यांत हवा शिरली की इंजिन मुकाट उभे राहते. मग मेकॅनिक पंपाजवळचा स्क्रू सैल करून ‘एअर काढावयास’ बसतो. हातपंप मारता मारता प्रथम फेस येतो, मग बुडबुडे विरळ होतात, आणि तेलाची अखंड धार लागल्यावरच तो स्क्रू आवळून ड्रायव्हरला स्टार्टर मारावयास सांगतो.