साउथ फोर्कचें धरण
अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया संस्थानांत कालव्यासाठीं बांधलेलें साउथ फोर्कचें मातीचें धरण १८७९ सालीं स्थापन झालेल्या एका विहारमंडळानें घेतलें. कार्नेगी, फ्रिक ह्यांच्यासारखे कोट्यधीश त्याचे सभासद. तळांतील लोखंडी नळ पूर्वीच्या मालकानें काढून विकले होते. मंडळानें ते पुन्हां बसविले नाहींत. उलट, घोडागाड्यांसाठीं माथा खालीं आणला आणि विकत आणलेले मासे निसटूं नयेत म्हणून सांडव्यास जाळ्या लावल्या! माशांची एवढी काळजी. खालच्या जॉन्सटाउनची मात्र नाहीं. ३१ मे १८८९ रोजीं अतिवृष्टि झाली. जाळ्यांत काडीकचरा अडकला, पाणी माथ्यावरून वाहूं लागलें आणि धरण फुटलें. तासाभरांत १४ मैलांवरील शहर लोंढ्यानें गांठलें. २,२०९ माणसें दगावलीं. न्यायालयांत मंडळाकडून एक पैहि वसूल झाली नाहीं.