आधी चारा, मग जनावर

धारा काढून झाल्या असतील, शेणपाणी उरकलं असेल, तर घटकाभर रेडिओजवळ बसा. आज आपण आपल्या कन्नड तालुक्यातल्या गुराढोरांचा इतिहास बोलणार आहोत. इतिहास म्हटलं की राजे, लढाया, किल्ले डोळ्यांसमोर येतात. पण आपल्या दावणीला बांधलेल्या जनावरालाही इतिहास आहे. आणि बचत गटानं कर्ज कोणाला, कशासाठी द्यायचं, हे त्या इतिहासातून कळतं. आम्ही ते ठेच लागल्यावर शिकलो.

ठेच कशी लागली ते आधी सांगतो. एका बऱ्या पावसाच्या वर्षी आमच्या गटातल्या पाच जणींनी कर्ज काढून संकरित गायी घेतल्या. आम्ही सगळ्यांनी मिळून गायी पाहिल्या, दूध मोजून घेतलं, वेत कितवं ते विचारलं, महिन्याचा हप्ता वहीत मांडला. एकच गोष्ट कोणी विचारली नाही. उन्हाळ्यात ही खाणार काय?

२०१८ साली पावसानं दडी मारली. दिवाळीच्या आधीच सरकारला दुष्काळ जाहीर करावा लागला. फेब्रुवारीत घरचा कडबा संपला. विकतच्या वैरणीला दुधाचे पैसे पुरेनात. पाचपैकी तीन गायी हेड्यांनी सांगितलेल्या भावात बाजारात गेल्या. गाय गेली आणि हप्ता राहिला. आमच्यातली एक जण तो फेडायला पुढच्या हंगामात नवऱ्यासोबत ऊसतोडीला गेली, लहान लेकराला कडेवर घेऊन. तिचं नाव सांगत नाही, ती आजही हा कार्यक्रम ऐकत असेल. चूक तिची नव्हती. चूक आमची, सगळ्या गटाची होती.

तेव्हापासून आम्ही म्हाताऱ्या माणसांना विचारायला लागलो, पुस्तकं चाळायला लागलो. जुनी माणसं जनावरं कशी टिकवायची? आणि कधी हरायची?

घाटातले तांडे

आपल्या कन्नडच्या घाटाला औट्रम घाट म्हणतात, हे तुम्हाला माहीत आहे. जेम्स आउट्रम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याचं ते नाव. पण घाटांची वाट त्याच्याही आधीपासून बैलांची. घाटाच्या कुशीत पितळखोऱ्याची लेणी आहेत, दोन हजार वर्षांपूर्वीची. तिथल्या लेखांत पैठणच्या लोकांनी दिलेल्या दानाची नोंद आहे. म्हणजे पैठणचा व्यापारी तेव्हाही या डोंगरातून जात होता, आणि त्याचा माल जनावराच्या पाठीवर होता.

पुढं हे काम लमाणांनी केलं. आपल्या तालुक्यातल्या तांड्यांवर राहणाऱ्या मैत्रिणींचे हे पूर्वज. धान्य आणि मीठ बैलांच्या पाठीवर लादून ते सगळा दख्खन पालथा घालत. सतराव्या शतकात ताव्हेर्निये नावाचा फ्रेंच प्रवासी या भागातून गेला. एकेका तांड्यात दहा-बारा हजार बैल असत, असं त्यानं लिहून ठेवलं आहे. फौजांना दाणा पुरवायचा तर लमाणांशिवाय भागत नसे. एवढी मोठी जनावरांची मालकी आजच्या कुठल्या बागायतदाराकडंही नाही.

मग हे वैभव गेलं कुठं? १८६०च्या दशकात घाटाखाली चाळीसगावला आगगाडी आली. १९०० साली मनमाडहून आपल्या औरंगाबादवरून हैदराबादकडं रेल्वे सुरू झाली. बैलाच्या पाठीवरचं ओझं डब्यात गेलं. पण नुसतं तेवढंच झालं नाही. दहा हजार बैलांना चारा कोण घालत होतं? कोणीच नाही. वाटेवरचं गवत, पडीक रान, गावोगावची गायरानं यांवर ते जगत. तेही त्याच काळात आटलं. तेव्हा घाटाखालचं खानदेश इंग्रजांचं होतं आणि घाटावरचं आपलं रान निजामाचं. इंग्रजांनी त्यांच्या मुलखात १८७८ साली जंगलाचा कायदा केला आणि रानं राखीव करायला सुरुवात केली. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यात त्यांनी हीच तक्रार मांडली: जंगल खात्यानं गायरानं, पडीक रानं घेतली आणि गरीब शेतकऱ्याच्या जनावरांना चरायला जागा उरली नाही.

यातून आम्हाला पहिला धडा मिळाला. ज्या चाऱ्यावर आपली मालकी नाही, त्याच्या भरवशावर कळप वाढवू नये. आपल्याकडं हे पुन्हा घडलं. १९८६ साली गौताळा-औट्रमघाट अभयारण्य झालं. जंगल राखलंच पाहिजे, त्याबद्दल आमचा वाद नाही. पण डोंगराकडेच्या गावांत ज्यांची गुरं रानावर जगत होती, त्यांना घरच्या वैरणीचा विचार करणं भाग पडलं. ज्यांनी तो केला नाही, त्यांचे गोठे रिकामे झाले.

बहात्तरचा उन्हाळा

१९७२चा दुष्काळ आपल्या सासू-आजेसासूंनी पाहिला आहे. लाल मिलो ज्वारी, सुकडी, खडी फोडण्याची कामं यांच्या गोष्टी घरोघरी आहेत. १९७३च्या उन्हाळ्यात राज्यात जवळपास पन्नास लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी याच काळात राज्यभर पसरली, आणि २६ जानेवारी १९७९ पासून तिचा कायदा लागू झाला. माणसांना काम मिळालं म्हणून माणसं वाचली.

जनावरांचं काय? आमच्या गावातल्या आजीबाई सांगतात, लोकांनी बैलांना कुंकू लावलं, पाया पडले आणि दावं सोडून दिलं. बघवत नव्हतं म्हणून. त्याच आजी आणखी एक गोष्ट सांगतात, आणि ती आम्हाला फार महत्त्वाची वाटते. ज्यांच्या वाड्यामागं मागच्या दोन सालांची कडब्याची गंजी होती, त्यांची बैलजोडी राहिली. आणि पाऊस पडला तेव्हा पेरणी त्यांचीच वेळेवर झाली. बाकीच्यांना बैल भाड्यानं मागावे लागले. जो दुष्काळ गुरांवरून गेला, तो पुढच्या सालच्या शेतावरूनही गेला.

तेव्हा घरोघर ज्वारी होती, म्हणून कडबा होता. पुढं कापूस वाढला. २००२ला बीटी कपाशी आली आणि ज्वारी आणखी मागं पडली. पऱ्हाटी चुलीत जाते, गुराच्या पोटात जात नाही. आता आपल्याकडं मका आहे, अद्रक आहे. पैसा आला हे खरं. पण गंजी गेली, हे आपण कोणी वहीत लिहिलं नाही. आमच्या पाच गायी घेतल्या तेव्हा आमच्या डोक्यात सासूची गंजी होती. अंगणात मात्र ती नव्हती.

दोन गावांची शिकवण

आता आपल्यासारख्याच कोरड्या मुलखातली दोन गावं पाहू.

पहिलं अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार. १९८९च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले तेव्हा गाव ओसाड होतं, माणसं कामाला बाहेर जात होती. गावानं ठरवलं: कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी. डोंगरात गुरं सोडायची नाहीत, गवत विळ्यानं कापून घरी आणायचं. सोबत चर खोदले, पाणी अडवलं, आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून मगच पिकं ठरवायची सवय लावली. मोकळं चरणं बंद झाल्यावर गवत वाढलं. दिवसाला दीडशे लिटरच्या आसपास दूध होतं, ते पुढं काही हजार लिटरवर गेलं. ऐकायला उलटं वाटतं ना? चरायला बंदी केली आणि दूध वाढलं. कारण गाय चालून दमत नाही, गवत बी धरेपर्यंत वाढतं, आणि शेण सगळं आपल्या उकिरड्यात पडतं.

दुसरं गाव सातारा जिल्ह्यातलं म्हसवड. तिथं चेतना सिन्हा यांनी १९९७ साली बायकांची माणदेशी बँक सुरू केली. तिथं आपल्यासारखा बायकांचा रेडिओही आहे. २०१२-१३च्या दुष्काळात एक बाई सोनं गहाण ठेवायला बँकेत आली. कशासाठी, तर जनावरांच्या चाऱ्यासाठी. पण चारा आणि पाणीच मुलखात नव्हतं, तर पैसा घेऊन ती करणार काय होती? तेव्हा बँकेच्या बायकांनी कर्ज देऊन हात झटकले नाहीत, जनावरांची छावणीच उभी केली. हजारो जनावरं तिथं जगली. पैसा हा चारा नव्हे, हे म्हसवडला एका बाईनं दाखवून दिलं.

नाव कोणाचं?

आणखी एक हिशोब राहिला. २०२२ला लम्पी आला तेव्हा सरकारनं दगावलेल्या गायीला ३० हजार, बैलाला २५ हजार आणि वासराला १६ हजार रुपये मदत दिली. २०२३च्या जुलैत गायीच्या दुधाला लिटरला किमान ३४ रुपये भाव ठरला, पण वर्ष संपेपर्यंत बऱ्याच ठिकाणी २५ ते २७ रुपयेच हातात येत होते. मग जानेवारी २०२४ पासून लिटरमागं ५ रुपये अनुदान सुरू झालं. हे पैसे कानातला बिल्ला आणि बँक खातं यांची सांगड पाहून येत होते. धार आपण काढतो, शेण आपण काढतो, रात्री गाय विताना कंदील आपण धरतो. बिल्ल्याच्या बारा आकड्यांपुढं नाव कोणाचं आहे, हे एकदा बघा. घरात भांडायचं नाही, पण विचारायचं नक्की.

आता आम्ही काय करतो

गटात जनावराचं कर्ज मागायला कोणी आली की आम्ही पहिला प्रश्न दुधाचा विचारत नाही. विचारतो, मार्च ते जून चारा किती आहे? हिशोब साधा आहे. एका मोठ्या गायीला दिवसाला १५ ते २० किलो ओली वैरण आणि ५ किलोच्या आसपास सुकी लागते. चार महिन्यांचे १२० दिवस. म्हणजे दोन टनांच्या आसपास ओलं आणि ६०० किलो सुकं. एवढं घरात असेल किंवा पिकत असेल, तर गाय. नसेल, तर दोन उस्मानाबादी शेळ्या. एका गायीच्या वैरणीत पाच-सहा शेळ्या निघतात, पाच महिन्यांनी वितात, जुळी करडंही देतात, आणि अडचणीत एक विकली तरी बाकीच्या राहतात.

ओल्या वैरणीसाठी आमचा आधार आता मुरघास. मका तर आपल्याकडं आहेच. दाणा चिकात असताना, साधारण ७५ ते ८५ दिवसांत कापायचा, बारीक कुट्टी करायची, जाड पिशवीत पायानं दाबून दाबून भरायची. आत हवा राहिली की बुरशी आलीच. तोंड घट्ट बांधून दीड महिना हात लावायचा नाही. नंतर हळूहळू सुरुवात करायची, आणि बुरशी दिसली तर तेवढा भाग फेकून द्यायचा, जीव दुखला तरी. कुट्टीयंत्र गटाचं आहे, पाळीपाळीनं फिरतं. बांधावर थोडी ज्वारी प्रत्येकीनं पेरायची असंही ठरलं आहे.

पावसाळ्याआधी घटसर्प, फऱ्या, शेळ्यांना आंत्रविषार यांच्या लसी. लाळ्या-खुरकुताची वर्षातून दोनदा. तारखा पशुसखी वहीत लिहिते. दुधाच्या धंद्यात शंभरातले साठ-सत्तर रुपये चाऱ्या-खुराकावर जातात, म्हणून खर्चाची वहीही तिथंच. सरकी ढेप किती आणली, दूध किती घातलं, महिनाअखेर काय उरलं. न उरलेला महिनाही लिहायचा.

आणि ती ऊसतोडीला गेलेली मैत्रीण? दोन हंगाम कोयता चालवून तिनं हप्ता फेडला. नंतर गटानं तिला शेळ्यांसाठी पैसे दिले. मागच्या उन्हाळ्यात तिच्या ओट्यावर मुरघासाच्या आठ पिशव्या होत्या. गाय कधी घेणार, असं आम्ही विचारलं. ती म्हणाली, “अजून चार पिशव्या होऊ द्या, मग बघू.”

तर बायांनो, पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं दोन आकडे लिहून आणा. आपल्या दावणीला जनावरं किती, आणि घरात चारा किती दिवसांचा. दुसरा आकडा कमी निघाला तर लाजू नका. तो पावसाळ्यातच कळला, तर अजून मका पेरता येतो. येते आठ दिवस सांभाळा, पुन्हा भेटू.