जुन्या पिकअपचे ‘मिसिंग’ : दोष शोधण्याचा क्रम

मालाने भरलेली जुनी डिझेल पिकअप चढावर अडखळू लागली, उभ्या जागी थरथरू लागली किंवा रेस दिल्यावर क्षणभर दम कोंडल्यासारखी थांबून मग पुढे सरकू लागली, की बहुतेक चालक ‘इंजिन मिसिंग मारते’ एवढे सांगून ती गॅरेजमध्ये लावतात. तेथे अनेकदा पहिला हात पडतो तो इंधनपंपावर. पंप उतरविला जातो, उघडला जातो, मोठे बिल होते आणि आठवडाभरात गाडी पुन्हा तशीच अडखळते. कारण मूळ दोष किरकोळ किमतीच्या रबरी नळीत राहिलेला असतो. नारायणगावहून टोमॅटो भरून पहाटेपूर्वी वाशीच्या बाजार समितीत पोहोचावयाचे असलेल्या शेतकऱ्यासाठी हा प्रश्न केवळ दुरुस्तीच्या खर्चाचा नाही. एक फेरी हुकली, की त्या दिवसाचा भावही हातचा जातो.

डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. सिलिंडरमधील हवा साधारण १८ ते २२ पट दाबली जाऊन तापते आणि त्या उष्णतेने डिझेल पेट घेते. त्यामुळे इंजिनाला तीनच गोष्टी लागतात : योग्य वेळी व योग्य मात्रेत आलेले स्वच्छ डिझेल, पुरेशी हवा आणि पुरेसे कॉम्प्रेशन. मिसिंगचे कारण या तिन्हींपैकी एकात असते, आणि शोधही याच क्रमाने घेणे शहाणपणाचे. कारण डिझेलच्या वाटेतील बिघाड सर्वांत अधिक आढळतो व तपासण्यास सर्वांत स्वस्त असतो.

दोष केव्हा दिसतो, हे मेकॅनिकला नेमके सांगता आले तर निम्मे काम होते. सकाळी थंड इंजिन थरथरते आणि पाच-दहा मिनिटांनी सुरळीत होते, तर ज्या इंजिनांत हीटर प्लग असतात तेथे आधी ते पाहावेत. ते ठीक असतील तर टॅपेट व कॉम्प्रेशनचा संशय धरावा. वीस-तीस किलोमीटर नीट चालून गाडी दम तोडते आणि थोडा वेळ थांबविल्यावर पुन्हा चालू लागते, तर टाकीत गाळ असण्याची शक्यता अधिक. चालत्या इंजिनाच्या ओढीने गाळ जाळीवर चिकटतो, इंजिन थांबले की खाली बसतो. टाकीच्या झाकणाचे हवाछिद्र बुजले तरी असेच घडते. अशा वेळी झाकण सैल करताच ‘फुस्स’ असा आवाज येऊन गाडी पळू लागते.

टाकीपासून फीड पंपापर्यंतचा भाग सर्वाधिक फसवा. येथे डिझेल दाबाने ढकलले जात नाही, ओढले जाते. म्हणून नळीला बारीक चीर गेली किंवा क्लॅम्प सैल झाला तरी डिझेल बाहेर गळताना दिसत नाही. उलट बाहेरची हवा आत शिरते. कोरडी, स्वच्छ दिसणारी नळीच अनेकदा दोषी निघते. याची खात्री करण्याची एक जुनी, बिनखर्चाची पद्धत आहे. स्वच्छ डिझेलचा कॅन इंजिनापेक्षा उंचावर, सायलेन्सरच्या तप्त नळीपासून दूर बांधावा, फीड पंपाची नळी थेट त्यात सोडावी, परतीची नळीही त्यातच ठेवावी आणि हवा काढून उभ्या गाडीचे इंजिन चालवावे. ते सुरळीत चालले, तर दोष टाकी व फीड पंप यांच्यामध्येच आहे. पंप किंवा नोझलला हात लावण्याचे कारण उरत नाही. फिल्टर मात्र या चाचणीआधीच बदललेला असावा आणि त्याच्या तळाचे पाणी काढलेले असावे. पावसाळ्यात, तसेच शेतावर बॅरलमध्ये साठविलेले डिझेल वापरणाऱ्यांकडे, या पाण्याचे प्रमाण वाढते. रॉकेल मिसळलेले डिझेल तर पंपाच्या आतील भागांना पुरेसे वंगणच देत नाही. तेथे स्वस्ताई महागात पडते.

धुराचा रंग पुढची दिशा दाखवितो. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी : आधी एअर फिल्टर, टर्बो असल्यास त्याच्या नळीची क्लॅम्प, मग थेंब टाकणारी नोझल. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर न जळलेल्या डिझेलचा असतो. पांढऱ्या वाफेबरोबर रेडिएटरचे पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट तपासणे अटळ. निळसर धूर ऑइल जळत असल्याचा.

कोणता सिलिंडर काम करीत नाही हे ठरविण्यासाठी मेकॅनिक इंजिन चालू ठेवून नोझलकडे जाणाऱ्या पाइपचा एकेक नट किंचित सैल करतो. नट सैल केल्यावर इंजिनाचा आवाज बदलला तर तो सिलिंडर चालू आहे. काहीच फरक पडला नाही तर दोषी तोच. ही चाचणी नटावर जाड फडके धरून व डोळ्यांवर चष्मा लावूनच करावी. सूक्ष्म धारेने उडालेले डिझेल कातडीत घुसते आणि तशी इजा झाल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे लागते. कॉमन रेल इंजिनावर ही चाचणी मुळीच करू नये. तेथील दाब १००० बारच्याही वर जातो आणि तपासणी स्कॅनरनेच करावयाची असते. देशभर १ एप्रिल २०१७ पासून भारत स्टेज ४ मानक लागू झाल्यानंतरच्या पिकअप बहुतांशी या प्रकारात मोडतात.

दोषी सिलिंडर सापडला, की त्याची नोझल पंप-नोझल दुरुस्तीच्या दुकानात दाबयंत्रावर लावून पाहावी. धुक्यासारखा फवारा यावा. धार किंवा थेंब नको. परत बसविताना तांब्याचे वॉशर नवेच घालावे. जुने वॉशर वापरण्याची काटकसर नोझलभोवती काजळी धरते आणि ‘फस-फस’ आवाजाने लवकरच उघडी पडते.

काही वेळा इंजिन निर्दोषच असते. रेस दिल्यावर आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच प्लेट घसरते आहे. थोड्या अंतरानंतर एखाद्या चाकाचा ड्रम तापत असेल तर ब्रेक अडकलेला आहे. आणि उभ्या जागी हादरणारी गाडी रस्त्यावर नीट चालत असेल तर इंजिनाखालील फाउंडेशनचे रबर आधी पाहावे.

नोझल चांगली असूनही सिलिंडर मुका राहिला तर टॅपेटचे अंतर फिलर गेजने मोजून घ्यावे, मग कॉम्प्रेशन. चारही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ असणे महत्त्वाचे. एकच खाली असेल तर व्हॉल्व्ह, रिंग किंवा गॅस्केट यांपैकी काहीतरी गेले आहे. ऑइलचे झाकण काढल्यावर चालू इंजिनातून जोराने वाफेसारखा धूर येणे हे रिंग झिजल्याचे लक्षण आहे. हे सर्व पार पडल्यानंतर पंपाची पाळी येते. तो उतरविण्यापूर्वी पंप व इंजिन यांच्या जोडावर टायमिंगची खूण करून ठेवावी, आणि कॅलिब्रेशन यंत्र असलेल्या दुकानाखेरीज त्याचे सील कोणालाही तोडू देऊ नये.