शर्यतीच्या घोड्यांच्या वेगाचे आंकडे व त्यांची ग्राह्यता

जुन्या नामांकित घोड्यांच्या वेगाविषयीं जे आंकडे इंग्रजी ग्रंथांतून पिढ्यान्पिढ्या उतरत आले आहेत, त्यांस बखरींतील सैन्यसंख्यांचीच कसोटी लावली पाहिजे. हा प्रश्न केवळ शौकिनांचा नव्हे. हँडिकॅप शर्यतींत कोणत्या घोड्यानें किती वजन वाहावें, हें त्याच्या कुवतीवरून ठरतें. ती कुवत वेगावरून मोजावयाची झाल्यास वेगाचा आंकडा कोणी व कशावरून लिहिला, हें आधीं पाहणें प्राप्त आहे.

डार्ले अरेबियन या घोड्याचें बीज असलेला फ्लाइंग चिल्डर्स (जन्म इ. स. १७१४ किंवा १७१५) डेव्हनशरच्या ड्यूकनें विकत घेतला होता. तो सहा वर्षांचा असतां अल्मन्झर व ब्राउन बेटी यांच्याशीं त्याची परीक्षा झाली. वजन सर्वांवर सारखेंच, ९ स्टोन २ पौंड. न्यूमार्केटचा राउंड कोर्स, म्हणजे ३ मैल ६ फर्लांग ९३ यार्ड, त्यानें ६ मिनिटें ४० सेकंदांत काटला, व बीकन कोर्स, म्हणजे ४ मैल १ फर्लांग १३८ यार्ड, ७ मिनिटें ३० सेकंदांत, असें सांगतात. त्याच हकीकतीला जोडून असेंहि विधान येतें कीं, तो सेकंदास साडेब्याऐंशी फूट, म्हणजे जवळजवळ मिनिटास एक मैल, धांवला.

आतां हिशेब पाहा. राउंड कोर्स म्हणजे २०,०७९ फूट. त्यास ४०० सेकंदांनीं भागिलें असतां सेकंदास सुमारें ५० फूट येतात. बीकन कोर्सचे २२,१९४ फूट ४५० सेकंदांत गेले, तर ४९ फुटांहून किंचित् अधिक. साडेब्याऐंशी फूट कोठून आले? भागाकार न करितां लिहिलेलें तें वाक्य नकलाकारांस इतकें प्रिय झालें कीं, मूळ मिनिटें-सेकंद शेजारीं छापूनहि विसंगति कोणाच्या डोळ्यांत आली नाहीं.

उरलेले ४९-५० फूट तरी निर्वेध आहेत काय? इ. स. १९१२ सालीं अमेरिकेंत लुइव्हिल येथें सोटेमिया या घोडीनें ४ मैल ७ मिनिटें १०.८ सेकंदांत काटले. तो वेग सेकंदास ४९ फूट. तिच्या दोन शतकें आधींचा घोडा तिच्याहून लांब पल्ल्यांत तिच्याहून वेगानें धांवला, असें मानणें कठीण. त्या काळीं सेकंद मोजणारें घड्याळच नव्हतें, हा आक्षेप मात्र टिकत नाहीं. सर जॉन फ्लॉयर यानें नाडी मोजण्याच्या घड्याळावर इ. स. १७०७ त ग्रंथ छापला होता. खरी अडचण निराळी. बीकन कोर्सचा आरंभ व शेवट मैलोगणती दूर. एकच घड्याळ दोन्ही टोकांस कसें लागावें?

इक्लिप्स या घोड्याची गोष्ट याहून बोधप्रद आहे. तो इ. स. १७८९ त मेल्यावर फ्रेंच पशुवैद्य सेंबेल यानें त्याची शरीरमापें घेऊन इ. स. १७९१ त निबंध छापला. एक झेप २५ फूट, सेकंदास २ १/३ झेपा, म्हणून ४ मैल ६ मिनिटें २ सेकंदांत, असा त्याचा हिशेब. हा वेग घड्याळानें पाहिलेला नसून मृत देहावरून अनुमानिलेला आहे. तथापि पुढील लेखकांनीं तो प्रत्यक्ष नोंदीच्या पंक्तीस बसविला.

जॉन चेनी यानें इ. स. १७२७ पासून शर्यतींच्या छापील याद्या काढिल्या. त्यांत ठिकाण, बक्षीस व अनुक्रम मिळतो. वेळ सहसा नाहीं. ॲडमिरल राउस (१७९५–१८७७) यानें भाराचें कोष्टक बसविलें तें मुख्यतः वयाच्या व परस्परांतील हारजितीच्या आधारावर. वेळेच्या आंकड्यास पद्धतशीर रूप विसाव्या शतकांत आलें. अमेरिकन लेखक अँड्र्यू बेयर याच्या इ. स. १९७५ च्या ग्रंथांतील रीत अशी : त्या दिवशींच्या सर्व शर्यतींच्या वेळा नेहमींच्या वेळांशीं ताडून मैदान किती जलद वा मंद होतें तें काढावें, व तेवढी दुरुस्ती करून मगच घोड्याचा अंक मांडावा.

चिल्डर्सच्या परीक्षेस ही दुरुस्ती लावण्यास त्या दिवसाच्या दुसऱ्या वेळा उपलब्ध नाहींत. म्हणून त्याच्या कुवतीचा पुरावा म्हणून मिनिटें-सेकंद सोडून, समान वजनानें त्यानें अल्मन्झरास मागें टाकिलें, एवढेंच धरावें हें बरें.