सुगंध नव्हे, वास : रेई कावाकुबो ह्यांचे गंधप्रयोग

'कॉम दे गार्सों' ह्या फ्रेंच शब्दांचा अर्थ 'मुलग्यांसारखे'. हे नाव घेणारी वस्त्रसंकल्पक मात्र जपानी, आणि स्त्री. रेई कावाकुबो ह्यांनी १९६९ मध्ये तोक्योत ह्या नावाने कपडे करायला सुरुवात केली आणि १९८१ मध्ये ते पॅरिसच्या मंचावर नेले. स्त्रीच्या वस्त्राने शरीराची वळणे दाखवायची असतात, हे गृहीतक त्यांनी तिथे काळ्या, विरलेल्या, ढगळ कपड्यांनी मोडीत काढले.

वेशभूषाकाराने सुगंध विकण्यात नवे काही नव्हते. पोल प्वारे ह्यांनी १९११ मध्ये तो पायंडा पाडला. शानेलचे 'नंबर पाच' १९२१ मधले. ह्याच काळात अत्तरांची लिंगनिहाय वाटणी पक्की होत गेली. गेर्लॅंचे १८८९ मधले 'जिकी' स्त्रिया आणि पुरुष दोघेही लावत. १९३४ मध्ये कारोंने काढलेल्या अत्तराच्या नावातच ते पुरुषासाठी असल्याचे सांगून टाकले. फुले बाईच्या वाट्याला, लाकूड-चामडे-तंबाखू पुरुषाच्या. (गुलाबाचे अत्तर कानामागे लावताना आपल्याकडच्या पुरुषांना हा प्रश्न कधी पडलेला नाही. तेव्हा ही वाटणी निसर्गाची नव्हे, दुकानातल्या फळ्यांची.)

कावाकुबोंचे पहिले अत्तर १९९४ मध्ये आले. मार्क बक्स्टन ह्यांनी रचलेल्या त्या गंधात वेलची, दालचिनी, लवंग, धने होते. मराठी वाचकाला मिसळणाचा डबा आठवावा असे. बाटली गोट्यासारखी, उभी न राहणारी, आडवी पडून असणारी. त्याच वर्षी केल्व्हिन क्लाइनचे 'सीके वन' बाजारात आले आणि उभयलिंगी अत्तर म्हणून प्रचंड खपले. पण 'सीके वन' दोघांना चालेल असा स्वच्छ, निरुपद्रवी मध्य शोधते. कावाकुबोंना तो मध्य नकोच होता.

हे स्पष्ट झाले १९९८ च्या 'ओदर ५३' मध्ये. फ्रेंचमध्ये 'पार्फँ' म्हणजे सुगंध आणि 'ओदर' म्हणजे नुसता वास. आपल्या भाषेतही हा भेद जिवंत आहे. 'कसला तरी वास येतोय' ह्या वाक्यात निम्मी तक्रार असते. ह्या अत्तराच्या घटकांच्या यादीत फूल-फळ शोधू नये. तिथे आहेत प्राणवायू, धातूची चमक, वाऱ्यावर वाळणारे कपडे, नेलपॉलिश, जळके रबर, वाळूच्या टेकड्या. २००० मधल्या 'ओदर ७१' मध्ये तापलेल्या दिव्यावरची धूळ आली. प्राणवायूला वास नसतो हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. म्हणजे ही यादी रासायनिक नाही, वाङ्मयीन आहे. ती वाचून आपण जे हुंगतो त्यातला बराच भाग शब्दांनी घडवलेला असतो. साहित्याच्या विद्यार्थ्याने ह्या अत्तराकडे वळावे ते ह्यासाठी.

परंतु लिंगनिरपेक्षतेचा दावा इथे पूर्णपणे टिकतो का? देहाचे आणि फुलांचे वास वगळले, की लिंगही वगळले जाते, असे ह्या कल्पनेत गृहीत आहे. मला ते पटत नाही. नेलपॉलिशचा वास कोणाच्या बोटांशी जोडलेला असतो? दोरीवरचे ओले कपडे कोणाच्या हातांनी पिळलेले असतात? वस्तूंनाही घरातल्या श्रमविभागणीचा इतिहास चिकटलेला असतो. कावाकुबोंनी शरीर टाळले, तरी तो इतिहास बाटलीत उतरलाच. माझ्या मते ही त्या प्रयोगाची उणीव नव्हे. उलट त्यातला सर्वांत बोलका भाग आहे.

२००२ च्या धूपमालिकेत एका अत्तराला 'जैसलमेर' हे नाव मिळाले. इतर चार आविन्यों, क्योतो, वार्झाझात आणि झागोर्स्क. तिथे वास लिंगाकडून धर्मस्थळांच्या भूगोलाकडे सरकला.

कर्तृत्वाचा एक प्रश्न उरतो. कल्पना कावाकुबोंची, गंधविभागाचे दिग्दर्शन क्रिस्तियां आस्त्युग्विएय ह्यांचे, आणि प्रत्यक्ष रचना बक्स्टन ह्यांच्यासारख्या गंधकारांची. अत्तर खपते मात्र वस्त्रगृहाच्या नावावर. गंधकाराचे नाव लेखकासारखे बाटलीवर छापण्याची पद्धत फ्रेदेरिक माल ह्यांनी सुरू केली ती २००० मध्ये, 'ओदर ५३' नंतर दोन वर्षांनी.